उडत्या विमानात लाईट गेली की कॉकपिटमध्ये काय चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून दिल्लीला निघालेलं संध्याकाळचं एअरबस ए-३२० विमान, टेकऑफनंतर पंधरा-वीस मिनिटांत केबिनमधले दिवे दोनदा गेले-आले, चहाची ट्रॉली अर्ध्यातून मागे फिरली, मग कॅप्टनने "टेक्निकल कारणामुळे आपण मुंबईला उतरतोय" एवढंच सांगितलं आणि विमान उतरायच्या आधी पंचवीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं, गंभीर होतं तर पुणं मागेच होतं, तिथे लगेच का नाही उतरवलं, आणि गंभीर नव्हतं तर सरळ दिल्लीला का नाही गेले? त्यात सोबत आई होत्या, त्या आता परत विमानात बसायला तयार नाहीत.

मी ए-३२० वर बरीच वर्षं कॅप्टन होतो आणि शेवटची काही वर्षं सिम्युलेटरवर पायलट लोकांना शिकवायचं काम केलं, त्यामुळे हा प्रकार दोन्ही बाजूंनी बघितलाय. तुमच्या विमानात नक्की कुठला पार्ट गेला ते त्या दिवशीचं टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची नोंदवही, बघूनच कळेल, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून कॉकपिटमध्ये कसा विचार चालला असेल ते सांगता येतं, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" या एका नावाखाली दोन पूर्ण वेगळी दुखणी येतात. एक, वीज जाते. दुसरं, काहीतरी जळायला लागतं. पहिल्यात पायलटकडे वेळ असतो आणि तो त्याने वापरायचा असतो, दुसऱ्यात वेळ नसतो. सिम्युलेटरवर मी वर्षानुवर्षं एक बघत आलोय, अंधार झाला की माणसं घाई करतात, हात पटापट वरच्या पॅनेलकडे जातात, आणि नुसता बारीकसा जळका वास आला की मात्र थांबतात, "बघू जातोय का" म्हणतात. हवं बरोबर उलटं. शिकवताना माझा निम्मा वेळ एवढ्या एका गोष्टीवर जायचा.

आधी वीज जाण्याचं घेऊ. ए-३२० च्या प्रत्येक इंजिनावर एक जनरेटर असतो, ९० केव्हीएचा, ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ. तेवढाच तिसरा शेपटीतल्या छोट्या इंजिनावर असतो, त्याला आम्ही एपीयू म्हणतो. या तिघांपैकी एकावर अख्खं विमान चालू शकतं, फक्त गॅलीचे, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराचे, ओव्हन वगैरे मोठा लोड सिस्टिम आपोआप तोडते. सोसायटीत लाईट गेल्यावर बॅकअपवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालू राहतात आणि घरातले गीझर बंद राहतात, तसंच हे. म्हणजे ट्रॉली मागे गेली आणि गरम काही मिळालं नाही याचा अर्थ सिस्टिम ठरल्याप्रमाणे वागली. दिवे दोनदा गेले-आले ते बहुतेक करून लोड एका जनरेटरवरून दुसऱ्यावर जाताना, आणि मग एपीयू लाईनवर आला तेव्हा. पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागे ढकलतात तेव्हा, इंजिनं सुरू होताना दिवे क्षणभर डोळा मारतात ना, अगदी तीच गोष्ट, फक्त तेव्हा आपण जमिनीवर असतो म्हणून कुणी घाबरत नाही.

आणि हे आईंना आवर्जून सांगा, दिवे गेले म्हणून इंजिन बंद पडत नाही. इंजिनाचा कंप्युटर स्वतःची वीज इंजिनावरच्या छोट्या अल्टरनेटरमधून घेतो, इंजिन फिरतंय तोपर्यंत त्याला विमानाच्या विजेची गरज नसते.

आता एक प्रत्यक्षातलं सांगतो. रात्रीची कोलकाता-मुंबई फ्लाईट, नागपूरच्या अलीकडे असू, खालच्या स्क्रीनवर इलेक्ट्रिकल पेज आपोआप उघडलं आणि एक नंबरच्या आयडीजीचं, म्हणजे त्या जनरेटर युनिटचं ऑइल टेंपरेचर हिरव्या रंगात लुकलुकायला लागलं. १४७ अंशांच्या वर गेलं की असं होतं, तो अजून फॉल्ट नसतो, लक्ष ठेवा एवढंच सांगणं असतं. पहिला उपाय लोड कमी करणं, म्हणून गॅली बंद केली. लगेच मागून इंटरकॉम, सर ओव्हन बंद पडले, निम्मी जेवणं गरम व्हायचीत. म्हटलं राहू देत. आकडा थोडा उतरला, मग परत चढायला लागला, जनरेटर ऑफ केला तरी चढतच राहिला, आणि १८५ ओलांडल्यावर घंटी वाजली आणि ओव्हरहीटची पिवळी अक्षरं आली.

आता त्या युनिटला इंजिनापासून यांत्रिकरीत्या तोडायचं असतं. त्यासाठी वरच्या पॅनेलवर झाकणाखाली दोन बटणं असतात, डावं एक नंबरचं, उजवं दोन नंबरचं. ते एकदा दाबलं की उड्डाणात परत जोडता येत नाही, जमिनीवर उतरून इंजिनिअरनेच जोडायचं. म्हणून नियम असा की एकट्याने हात लावायचा नाही. फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, झाकण उचललं, बोट बटणावर ठेवलं, दाबलं नाही, आणि विचारलं, आयडीजी वन, कन्फर्म? मी स्क्रीनवरचा नंबर परत वाचला, त्याचं बोट कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, मग म्हटलं कन्फर्म्ड. मग त्याने दाबलं, आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नसतं, तर तेवढंच. एवढी ढिलाई वाटणारी सावकाशी का, तर चांगला जनरेटर तोडला की दोन जनरेटर गेलेल्या विमानात आपण आपल्याच हाताने येऊन बसतो. रात्री, घंटी वाजत असताना, डाव्याचं उजवं व्हायला अर्धा सेकंद पुरतो.

मग एपीयू सुरू केला, तो लाईनवर आला, आणि आम्ही मुंबईलाच गेलो. हवा स्वच्छ होती, वाटेत नागपूर आणि औरंगाबाद हाताशी होते, दोन स्रोत चालू होते. तीच घटना जुलैच्या पावसात, मुंबईत ढग खाली आलेले आणि एपीयू आधीपासूनच नादुरुस्त, अशी असती तर मी नागपूरला उतरलो असतो आणि त्याबद्दल कुणाशी वाद घातला नसता. म्हणून "जनरेटर गेला तर काय करतात" याचं एक उत्तर नाही. हवामान काय, एपीयू आहे का, रात्र की दिवस, खाली काय आहे, आधीच कुठला बिघाड घेऊन निघालोय का, हे सगळं मिळून उत्तर बनतं.

दोन्ही जनरेटर गेले तर? जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर रॅट हा शब्द घरोघरी पोचला. त्या अपघाताबद्दल मी इथे काही बोलणार नाही, पण रॅट म्हणजे काय ते सांगतो. विमानाच्या खालून एक छोटा पंखा बाहेर पडतो, समोरच्या वाऱ्यावर फिरतो. ए-३२० मध्ये तो एका हायड्रॉलिक सिस्टिमला प्रेशर देतो आणि त्या प्रेशरवर ५ केव्हीएचा इमर्जन्सी जनरेटर चालतो. ९० कुठे आणि ५ कुठे, त्यामुळे उरतं ते मोजकंच: कॅप्टनच्या बाजूचे स्क्रीन, वरचा इंजिनाचा स्क्रीन, एक रेडिओ, एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र. फर्स्ट ऑफिसरसमोर काळं. ऑटोपायलट नाही, इंधनाचे बहुतेक पंप बंद म्हणून इंधन गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे येतं, उतरताना धावपट्टी नेहमीपेक्षा बरीच जास्त लागते, आणि वेग १४० नॉटच्या खाली जाऊ द्यायचा नाही कारण पंख्याला वारा लागतो. तो पंखा सुरू होईपर्यंतचे काही सेकंद दोन बॅटऱ्या ओढतात. पंखाही नसेल तर नुसत्या बॅटरीवर साधारण अर्धा तास. ही खरी इमर्जन्सी, स्क्रीनवर लाल अक्षरांत लवकरात लवकर उतरा असं लिहून येतं. पण यातही आधी विमान हाताने नीट उडवणं, मग यादीप्रमाणे दोन्ही जनरेटर ऑफ-ऑन करून बघणं, हाच क्रम. बऱ्याचदा तेवढ्यानेच वीज परत येते.

दिसायला किती भयानक आणि उपाय किती छोटा याचं उदाहरण म्हणजे २२ ऑक्टोबर २००५ ची ब्रिटिश एअरवेजची हीथ्रो-बुडापेस्ट फ्लाईट. रात्री चढत असताना ए-३१९ च्या, म्हणजे ए-३२० च्याच लहान भावंडाच्या, दोन्ही पायलटांसमोरचे मुख्य स्क्रीन काळे, रेडिओ गेला, ऑटोपायलट सुटला, कॉकपिटमधले बहुतेक दिवे गेले. कॅप्टन विमान सरळ धरून राहिला, दुसऱ्याने यादीप्रमाणे एक स्विच बदलून महत्त्वाच्या बसला, म्हणजे जिथून उपकरणांना वीज वाटली जाते त्या मुख्य वाहिनीला, दुसरीकडून वीज दिली आणि जवळपास दीड मिनिटात बहुतेक सगळं परत आलं. ते बुडापेस्टला जाऊन उतरले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ईझीजेटच्या ए-३१९ वर स्पेनमधल्या आलिकांतेहून ब्रिस्टलला जाताना असंच झालं, तिथे तो स्विच बदलूनही काम झालं नाही, सगळे रेडिओ गेले, तरी विमान ब्रिस्टलला सुखरूप उतरलं. त्या चौकशीनंतर हा बदल आपोआप व्हावा अशी सोय एअरबसने केली. आज तुम्ही ज्यात बसता त्यात ती असते.

आणखी एक केस मी विद्यार्थ्यांना हमखास सांगायचो, ७ जानेवारी २००८, क्वांटासचं लंडनहून बँकॉकला येणारं ७४७. उतरायला लागलं असताना चारपैकी तीन मुख्य एसी बस, म्हणजे वीज वाटणाऱ्या वाहिन्या, गेल्या. कारण काय, तर पुढच्या गॅलीच्या सांडपाण्याच्या पाइपात बर्फ साचून पाणी तुंबलं आणि खाली जिथे जनरेटरचे कंट्रोल युनिट्स बसवलेत तिथे गळलं, वर संरक्षणासाठी असलेल्या झाकणाला तडे होते. विमान नीट उतरलं, कारण बँकॉक समोरच होतं. हेच समुद्रावर मध्यरात्री झालं असतं तर बॅटरीच्या मिनिटांचा हिशोब मांडत बसावं लागलं असतं. म्हणूनच इंजिनिअर लोक गॅलीखालच्या ओलाव्याबद्दल इतके कडक असतात, प्रवाशाला ते उगाच उशीर करतायत असं वाटतं.

आता दुसरं दुखणं, धूर आणि वास. इथे माझा सूर बदलतो.

२ सप्टेंबर १९९८, स्विसएअर १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला जाणारं एमडी-११. कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. एअर कंडिशनिंगचा असावा असं आधी वाटलं. हॅलिफॅक्सकडे वळले, पण वजन जास्त म्हणून इंधन टाकायला समुद्राच्या बाजूला गेले, चेकलिस्ट चालू होती. पहिल्या वासापासून साधारण वीस मिनिटांत विमान समुद्रात गेलं, २२९ माणसं गेली. छताच्या वर वायरीत ठिणगी पडून इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला होता, आणि तिथे पोचायची किंवा आग विझवायची काही सोयच नव्हती. कॅनडाच्या तपास संस्थेने स्पष्ट लिहिलंय की ते थेट हॅलिफॅक्सला गेले असते तरी वेळेत उतरू शकले नसते, त्यामुळे त्या दोन पायलटांना दोष देणारी वाक्यं ऐकली की मला त्रास होतो. पण त्याच संस्थेने हवेतल्या आगीच्या जुन्या केसेस काढून बघितल्या तर पहिल्या खुणेपासून शेवटापर्यंत ५ ते ३५ मिनिटं मिळालेली दिसली. हा आकडा डोक्यात ठेवूनच आमची पिढी शिकली. उगम लगेच सापडला, स्विच बंद केला आणि धूर खात्रीने थांबला, तर ठीक. नाहीतर ऑक्सिजन मास्क चढवायचा, विमानाचं नाक जवळच्या धावपट्टीकडे वळवायचं, आणि चेकलिस्ट वळल्यावर वाचायची. ए-३२० च्या धुराच्या चेकलिस्टमध्ये उगम सापडतच नसेल तर आपणच जनरेटर बंद करून रॅटवर जायची पायरीही आहे. वीज जाणं ही एरवी इमर्जन्सी, इथे तीच आपण मुद्दाम ओढवून घेतो, कारण जळणाऱ्या वायरीतून करंट काढून घ्यायचा असतो.

इथेच ब्रेकरचं बोलायला हवं, कारण घरच्या सवयीने सगळ्यांना वाटतं पडलेला एमसीबी वर केला की झालं. ब्रेकर उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तो पडला म्हणजे त्या वायरीत कुठेतरी नको तेवढा करंट गेला, आणि ती वायर छतात, भिंतीत, टॉयलेटच्या मागे, जिथे दिसत नाही तिथून गेलेली असते. २ जून १९८३, एअर कॅनडा ७९७, डॅलसहून टोरांटोला जाणारं डीसी-९. मागच्या टॉयलेटच्या फ्लश मोटरचे तीन ब्रेकर पडले. कॅप्टनने वर करून बघितले, राहिले नाहीत, काही मिनिटांनी परत प्रयत्न केला. त्यानंतर थोड्याच वेळात टॉयलेटमधून धूर. विमान सिनसिनाटीला उतरवलं, दारं उघडली आणि मिनिट-दीड मिनिटात आत भडका उडाला, ४६ पैकी २३ जण गेले. आग कशाने लागली ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, मोटरनेच लावली असंही तपासात म्हटलेलं नाही. पण पडलेला ब्रेकर ही बातमी असते हे त्या दिवसापासून सगळ्यांना कळलं. आजचा नियम असा की उड्डाणात पडलेला ब्रेकर तसाच राहू द्यायचा, अगदी सुरक्षितपणे पुढे जायला ती सिस्टिम लागणारच असेल तर कॅप्टनच्या निर्णयाने एकदाच, आणि इंधनाच्या पंपाचा तर एकदाही नाही. पायाशी लागणारे दिवे आणि टॉयलेटमधला स्मोक डिटेक्टर, हेही त्याच अपघातानंतर सक्तीचे झाले.

आता तुमच्या पुणे-मुंबईकडे. टेकऑफनंतर पंधरा-वीस मिनिटं म्हणजे तुम्ही नाशिकच्या आसपास किंवा थोडं पुढे असणार, तिथून पुणं आणि मुंबई अंतराने जवळजवळ सारखंच पडतं. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर, पुण्याची २,५०० च्या आसपास. भरलेलं विमान, ब्रेक किंवा स्पॉयलर (उतरल्यावर वेग कमी करायला पंखांवर उभे राहणारे पत्रे) यांपैकी काही कमी असण्याची शक्यता, तर मी पण मुंबईच घेतली असती. शिवाय मुंबईत रात्री इंजिनिअर, स्पेअर पार्ट आणि तुम्हाला पुढे न्यायला दुसरं विमान मिळायची शक्यता जास्त. दिल्लीला का नाही गेले याचं कारण बहुतेक असं की एक स्रोत गेल्यावर पुढे दीड तास जाण्यापेक्षा, किंवा एपीयूवर भरवसा वाटत नसेल तर, जवळ उतरणं बरं.

घिरट्यांबद्दल बरेच जण म्हणतात इंधन जाळत होते. ए-३२० ला हवेत इंधन टाकायची सोय नसते हे खरं, आणि उतरायच्या वजनाची मर्यादा साधारण ६६ टन असते हेही खरं, पण पंचवीस मिनिटांत जेमतेम एक टन जळतं, त्यामुळे ते मुख्य कारण नसावं. गरज पडली तर मर्यादेपेक्षा जड विमानही उतरवता येतं, नंतर तपासणी करावी लागते इतकंच. त्या पंचवीस मिनिटांत आत चाललेलं असतं ते हे: यादी पूर्ण करणं, काय चालू आणि काय बंद ते दोघांनी मिळून बघणं, तेवढ्या ब्रेकवर किती धावपट्टी लागेल ते काढणं, केबिन क्रूला आत बोलावून नेमकं काय झालंय आणि किती वेळ आहे ते सांगणं, एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाशी, बोलणं. प्रवाशांशी बोलणं या यादीत शेवटी येतं आणि म्हणून ते तुटक वाटतं. मला स्वतःला वाटतं कॅप्टनने दोन वाक्यं जास्त बोलावीत, एक जनरेटर बंद केलाय, दुसरा चालू आहे, इंजिनं ठीक आहेत, इतकं सांगायला दहा सेकंद लागतात आणि दीडशे माणसांचा जीव भांड्यात पडतो.

आणि एक उलट बाजूने बघा, ते पंचवीस मिनिटं फिरले याचाच अर्थ कॉकपिटमध्ये धूर नव्हता. धूर असता तर तुमचे कान दुखतील अशा वेगाने खाली आणलं असतं आणि पट्टीवरच थांबून दारं उघडली असती.

प्रवासी म्हणून तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, नाक. प्लॅस्टिक किंवा वायर जळल्यासारखा वास आला, सीटखालून, खिडकीच्या पॅनेलमधून, टॉयलेटमधून, तर लगेच कॉल बटण दाबा आणि नेमक्या कुठल्या रांगेत ते सांगा. ओव्हनचा असेल म्हणून गप्प बसू नका, ओव्हनचाच निघाला तरी कुणी रागावत नाही. पॉवर बँक स्वतःजवळ ठेवा, वरच्या कप्प्यात नको, गरम किंवा फुगलेली वाटली तर क्रूला दाखवा.

आईंचा शेवटचा प्रश्न बहुतेक असेल, तेच विमान परत उडवतात का? हो, उडवतात. कुठला बिघाड घेऊन, कुठल्या अटींवर आणि किती दिवस उडता येतं याची एक मंजूर यादी असते, तिला आम्ही एमईएल म्हणतो, कशाला ३ दिवस, कशाला १०. एक जनरेटर बंद असेल तर एपीयूचा जनरेटर त्याच्या जागी पूर्ण उड्डाणभर चालू ठेवून विमान नेता येतं, आणि कॅप्टनला ते पटलं नाही तर तो नाही म्हणू शकतो, मी म्हटलेलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी आईंसोबत जाल आणि उडताना शेपटीकडून बारीक घोंगावल्यासारखा आवाज येत राहिला, तर एअर होस्टेसला बिनधास्त विचारा एपीयू चालू आहे का, ती कॅप्टनला विचारून सांगेल.